ओठ मिटणारी अक्षरं

व्हिडिओत आवाज आणि ओठ जुळलेत की नाही हे तपासायचं असेल, तर 'आई' या शब्दाचा काडीचा उपयोग नाही. हा शब्द म्हणताना तोंड उघडं ते उघडंच राहतं. ताई, दादा, आजी, काका यांचीही तीच गत. 'बाबा' मात्र सोन्यासारखा शब्द. ओठ दोनदा मिटतात, दोनदा उघडतात आणि आवाज नेमका कुठे बसवायचा ते डोळ्यांना दिसतं. 'मामा'सुद्धा चालतो. घाटकोपरच्या माझ्या खोलीत इतकी वर्षं लोकांचे व्हिडिओ जोडत बसले, त्यात आपल्या भाषेबद्दल मला कळलेली ही एक गोष्ट. आईवर माया असेल ती असो, धंद्यात मला बापच उपयोगी पडला.

प, फ, ब, भ, म. ही ओष्ठ्य अक्षरं. शाळेत व्याकरणाच्या बाईंनी घोकून घेतली तेव्हा वाटलं होतं, याचा जगात कुणाला काय उपयोग? त्या आज असत्या तर त्यांना माझ्या खुर्चीत बसवून दाखवलं असतं की बाई, तुमच्या या पाच अक्षरांवर माझी चूल पेटली. त्यांनी बहुधा तेव्हाही माझं शुद्धलेखनच काढलं असतं.

माझं काम एडिटिंगचं. लग्नं, बारशी, शाळांची स्नेहसंमेलनं, एकसष्ट्या, आणि अलीकडे ज्याचं त्याचं चॅनल. सुरुवात केली तेव्हा टेप होत्या. टेपवर चित्र आणि आवाज एकाच पट्टीवर नांदायचे, एकत्र कुटुंबासारखे. चित्र खराब निघायचं, आवाज खरखरायचा, पण एकमेकांना सोडून कुणी जायचं नाही. मग कॉम्प्युटर आले. चित्र कॅमेऱ्यात आणि आवाज खिशाएवढ्या वेगळ्या रेकॉर्डरवर, अशी दोन बिऱ्हाडं झाली. दोघांची क्वालिटी झकास, आणि भांडणं तेव्हापासून.

बाहेरच्या माणसाला हे भांडण समजावून सांगायचं तर असं. एडिटिंग म्हणजे तुकडे निवडायचे, पुढेमागे लावायचे, नको ते कापायचं. हे होईपर्यंत पडद्यावर दिसते ती नुसती मांडामांड. शेवटी त्या सगळ्याची एक अख्खी फाइल बाहेर काढायची, त्याला एक्स्पोर्ट म्हणतात. पुरणपोळीसारखं आहे ते. लाटताना छान गोल दिसते, फुटायची ती तव्यावर फुटते. मांडामांडीत ओठ आणि आवाज अगदी जिवाभावाचे असतात, आणि एक्स्पोर्ट केलेली फाइल लावावी तर वक्ता तोंड मिटून पाणी पितोय आणि भाषण चालूच. लोकांना वाटतं, कॉम्प्युटर बिघडला. कॉम्प्युटर बिचारा निर्दोष असतो. पुरणातच गुठळी राहिलेली असते, म्हणजे चित्राचं माप आणि आवाजाचं माप मुळातच वेगळं असतं. कुणाचा कॅमेरा एका सेकंदात पंचवीस चित्रं काढतो, कुणाचा तीस. आधी माप एक करून न घेता जोडाजोड केली की सुरुवातीला काही कळत नाही, पण पुढे पुढे फट वाढत जाते.

बोरिवलीच्या मंदाकाकूंना ही फट मोहरीनं दाखवली. त्या घरच्या स्वयंपाकाचं चॅनल चालवायच्या. एक दिवस त्यांचा फोन आला.

"शैला, अगं वाट लागली माझी. मोहरी आधी तडतडतेय आणि मग मी ती तेलात टाकतेय. खाली लोक काय काय लिहितायत बघ."

मी त्यांच्या घरी गेले. काकू फोन ओट्यावरच, शेगडीला खेटून उभा करायच्या. गॅसच्या धगीनं फोन तापायचा, आणि तापलेला फोन दमलेल्या माणसासारखा हात आखडता घेतो. चित्रं कमी काढायला लागतो. आवाजाला त्याचं सोयरसुतक नसतं, तो आपल्या चालीनं पुढे जातो. मी हे सांगितलं तर काकू फोनकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे ह्याला उकडतंय होय?" मी म्हटलं, तसंच समजा. मी चित्रांची संख्या एकसारखी करून घेतली, सगळं नव्यानं जोडलं, मोहरी तेलात पडल्यावर तडतडली. फोन लांब ठेवायचा सल्ला मात्र काकूंनी मानला नाही. लांबून कालवणाचा रंग कळत नाही म्हणाल्या. त्या चॅनल बंद करेपर्यंत मी त्यांची मोहरी तेलात ढकलत राहिले.

दुसरं गिऱ्हाईक मुलुंडचे एक शेठ. मुलाच्या लग्नाची फाइल दिली की दुसऱ्या दिवशी फोन. "बेन, होंठ पहले हिलता है, आवाज बाद में आता है." मी तपासावं तर सगळं बरोबर. तरी पुन्हा एक्स्पोर्ट करून द्यावी, तर पुन्हा फोन. माझा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडायची वेळ आली. शेवटी त्यांच्या घरी जाऊन बसले. भिंतीएवढा टीव्ही, आणि आवाज मात्र शोकेसमधल्या एका बिनवायरच्या स्पीकरमधून. अशा स्पीकरकडे आवाज हवेतून जातो, त्याला पोचायला किंचित वेळ लागतो, आणि तोवर ओठ पुढे गेलेले असतात. मी उठले, स्पीकर बंद केला, टीव्हीचा आवाज चालू केला. जुळलं. शेठ म्हणाले, "तो पहले बोलना था ना." त्यांच्या म्हाताऱ्या आई मात्र माझ्यावर खूश झाल्या. नातसुनेचे ओठ आणि बोल जुळत नाहीत म्हणून त्यांना ते लग्नच अशुभ वाटायला लागलं होतं.

आता हे कौतुक राहिलं नाही. एक बटण दाबलं की कॉम्प्युटर कॅमेऱ्यातला आवाज आणि रेकॉर्डरचा आवाज पडताळून पाहतो आणि आपला आपण जुळवतो. आमच्या इमारतीचं रीडेव्हलपमेंट आलं, माझी खोली गेली, मीही फारशी कुरकुर केली नाही. पण त्या खोलीची, तिथल्या बंद खिडकीची, जिन्यातून येणाऱ्या झेरॉक्सच्या वासाची आठवण येते. आणि बाळाची येते.

बाळा परब माझा कॅमेरामन. वडील गिरणीत होते, गिरणी गेल्यावर घर मागं पडू नये म्हणून बाळानं मिळेल ते केलं आणि कॅमेऱ्यापाशी येऊन थांबला. आता तो गावाकडे, मालवणला असतो. हाताला स्थिर, तोंडाला अस्थिर. शूटिंग सुरू करताना कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवावी, म्हणजे मला ती टाळी दिसते आणि ऐकू येते, जुळवायला सोपं जातं. मी दर लग्नाला त्याला बजावायची, आणि तो दर लग्नाला टाळायचा. "गो शैला, एवढ्या लोकांत टाळी वाजवलय तर लोकां म्हणतली, ह्यो डास मारूक इलो."

मग उरली माझी पाच अक्षरं. हिंदू लग्नात मी 'शुभमंगल'चा भ आणि म धरायची. 'सावधान'च्या नादी लागायची नाही, तिथे ओठ नीट मिटतही नाहीत आणि वर वाजंत्री घुसतं. बौद्ध लग्नात तर काम आणखी सोपं. माइक हातात घेणारा प्रत्येक जण आधी 'जय भीम' म्हणणार. भ ला ओठ मिटतात, फटकन उघडतात आणि म ला पुन्हा मिटतात. हा शब्द ज्या व्हिडिओत आहे तिथे मला टाळीची गरज वाटायची नाही. माझा त्यावर इतका विश्वास होता की मी डोळे झाकून त्यावर आवाज बसवायची. इंगळ्यांच्या लग्नात हाच विश्वास मला नडला.

लग्न चेंबूरच्या एका हॉलमध्ये होतं. नवरी प्रज्ञा इंगळे, शाळेत शिक्षिका. तिचे वडील दादाराव, मूळचे अकोल्याकडचे, बस चालवून निवृत्त झालेले. ठरवायला आला होता तो तिचा धाकटा भाऊ राहुल. बँकेत होता, सगळं नीटनेटकं लागायचं त्याला. बाळा शूटिंग करून आला आणि कॅमेऱ्याचं कार्ड माझ्या टेबलावर ठेवून दाराशी घुटमळला. तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी शेण खाल्लंय.

"कॅमेऱ्याचो माइक चालू होतो असां माका वाटला," तो म्हणाला.

चालू नव्हता. कॅमेऱ्यात नुसतं मुकं चित्र. आवाज होता तो फक्त हॉलच्या माइकला जोडलेल्या रेकॉर्डरवर. आणि तोही त्यानं वंदना झाल्यावर बंद केला होता आणि वडील भाषणाला उभे राहिल्यावर पुन्हा चालू केला होता. जरा उशिरा. त्यामुळे वडिलांच्या भाषणाचा आवाज 'जय' गाळून थेट 'भीम' पासून सुरू होत होता.

मी घाबरले नाही. भीम आहे ना, बस्स. चित्रात पाहिलं, वडील म्हणजे इंगळेभाऊ माइकपाशी उभे, अंगात नवा कोट, ओठ मिटले. तिथे मी भीम बसवला. पुढे लावून पाहिलं तर आवाज पुढे, ओठ मागे. वाटलं, मापात फरक असेल. मापं एक केली. पुढचा शब्द शोधला, 'प्रज्ञा' होता, तिथे प ला ओठ मिटताना दिसले, तिथे आवाज कापून पुन्हा बसवला. जरा पुढे जाऊन पाहावं तर परत बिनसलेलं. पुढे 'मुलगी' आलं, तिथे म वर कापलं. असं करत करत त्या साध्या भाषणाची मी गोधडी केली. प्रत्येक तुकडा वेगळ्या मापानं सरकवलेला. फट वाढत गेली असती तर मला कारण कळलं असतं. ही फट कधी लहान, कधी मोठी, कशालाच धरबंध नाही.

राहुल फाइल नेऊन परत आला. "ताई, पप्पांचं बोलणं अजून मागेपुढे होतंय. बाकी सगळं लग्न नीट आहे, फक्त तेवढंच."

"कॅमेऱ्याची काहीतरी भानगड आहे," मी म्हटलं. "तुझे वडील बोलताना मध्ये मध्ये थांबतात का रे?"

तो जिन्याकडे बघायला लागला. "इमोशनल झाले होते ना," म्हणाला.

बाळालाही विचारलं. तो म्हणाला, "म्हातारो गहिवरलेलो. मध्येच आवंढो गिळी होतो." दोघांचं म्हणणं जुळलं. मला तेवढं पुरलं. मी पुन्हा मापं तपासली, पुन्हा एक्स्पोर्ट केलं, आणि पुन्हा तेच. प्रज्ञाचा नवरा बंगळूरला नोकरीला, ती आठवड्याभरात तिकडे जाणार होती आणि जाताना तिला हा व्हिडिओ हवा होता. बाकीचं लग्न नाही मिळालं तरी चालेल, बाबांचं भाषण द्या, असा निरोप तिनं भावाकडून धाडला होता. इतक्या वर्षांच्या धंद्यात मला हात टेकावे लागतायत आणि तेही 'जय भीम' असताना, याचा मला राग येत होता.

मग एक दिवस राहुल वडिलांनाच घेऊन आला. इंगळेभाऊ माझ्याच वयाचे, उंच, खांदे थोडे पुढे झुकलेले. दारात चपला काढल्या, माझ्याकडे पाहून हात जोडले. म्हणाले, "जय." मग त्यांचे ओठ मिटले. उघडले. आवाज नाही. पुन्हा मिटले, पुन्हा उघडले. आवाज नाही. तिसऱ्यांदा मिटले आणि मग आलं, "भीम."

मी खुर्चीवरून उठायची विसरले. मी तोतरं बोलणारी माणसं पाहिली होती, ती प प प असं अडखळत बोलतात, ते ऐकू येतं. यांचं अडकणं मुकं होतं. ओठ आधी एकदोनदा रिकामे जाऊन यायचे आणि मग शब्द निघायचा. आवाजात ती नुसती शांतता ऐकू यायची, विचार करून बोलणाऱ्या माणसासारखी. मी पहिल्या रिकाम्या मिटण्यावर भीम बसवला होता. आणि पुढे ज्या ज्या अक्षरावर मी आवाज कापला, नेमक्या त्याच अक्षरांवर हा माणूस अडकत होता. प, ब, भ, म. जी त्यांची वैरी, तीच माझी सोबती.

मी त्यांना काय झालं ते सांगितलं. ते माझ्या स्क्रीनवरच्या स्वतःच्या मिटल्या ओठांकडे बघत राहिले. मग सावकाश म्हणाले, "तुमचं मशीन बरोबर आहे ताई. मीच मागून येतो."

सगळे काप काढून टाकले. ओठ ज्या वेळी खरोखर आवाजासकट उघडले, तिथे भीम बसवला, एकदाच. भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत जुळलं. एक्स्पोर्ट करून तिघांनी मिळून पाहिलं. इतका साधा इलाज होता की मला हसू आलं, इंगळेभाऊही हसले.

राहुल हसला नाही. वडील जिन्यात गेल्यावर तो मागे थांबला. "ताई, हे मधले गॅप काढता येतील का? ताईच्या सासरकडच्या ग्रुपवर टाकायचंय. लोक काय..." वाक्य त्यानं पुरं केलं नाही. मग म्हणाला, "शाळेत पोरं माझी नक्कल करायची. माझी म्हणजे पप्पांची."

त्याच्यावर मला रागावता आलं नाही. काढता येतात, मी म्हटलं. आणि खरं सांगते, मला ते काम करून बघायचंही होतं. शांततेचे तुकडे कापायचे, जिथे जोड दिसेल तिथे वर पाहुण्यांचे चेहरे टाकायचे, कारण ओठच दिसले नाहीत तर जोड कुणाला कळणार? जिथे ओठ दिसतात तिथे केसाएवढं मागेपुढे करून जोड मिटवून टाकायचे. मन लावून केलं. एक्स्पोर्ट करून पाहिलं आणि मीच चाट पडले. इंगळेभाऊ घडाघडा बोलत होते, सभा गाजवणाऱ्या पुढाऱ्यासारखे. आवाज आणि ओठ कुठेही तसूभर इकडेतिकडे नाहीत. माझ्या हातून याहून चांगलं काम झालं असेल असं मला आठवत नाही.

न्यायला राहुल आला नाही, प्रज्ञा आली. सोबत वडील. मी कौतुकानं तिला आधी नवं काम दाखवलं. तिनं शेवटपर्यंत पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"मॅडम, हे बाबा नाहीत," ती म्हणाली.

"राहुलनं सांगितलं होतं तसं केलंय मी."

"माहितेय मला. चुकीचं नाही केलंत तुम्ही." ती वडिलांकडे वळली. "बाबा, सांगू का यांना?"

इंगळेभाऊंनी मान डोलावली. मग तिनं सांगितलं. तिचं नाव आजीनं ठेवलं. बाबांनी विरोध केला नाही, पण त्यांना तो प निघायचा नाही. म्हणून घरात ती 'ताई' झाली. इंगळेभाऊंना सगळ्याच बायका ताई, ही साधी वाट होती. ते आयुष्यभर अशा आडवाटांनी चालत आले होते. पाणी मागायचं तर 'तहान लागली' म्हणायचे. भाजी चांगली झाली तर 'जेवण छान' म्हणायचे. बसच्या भरतीत त्यांना कंडक्टरही होता आलं असतं.

इथे ते स्वतःच मध्ये बोलले. "कंडक्टरला स्टॉपची नावं घ्यावी लागतात. आणि आपल्या भागात बघा ना." एकेक नाव त्यांनी वेळ घेऊन घेतलं. "पंतनगर. पार्कसाइट. पवई. भांडुप. मुलुंड. सगळे माझ्या वाकड्यात." स्वतःच खुदकन हसले. "म्हणून स्टिअरिंग धरलं. तिथं बोलायचं काम नाही."

"लग्नात कुणी सांगितलं नव्हतं यांना भाषण करायला," प्रज्ञा म्हणाली. "काकाच बोलणार होते. हे उठले आणि माइक घेतला. आणि माझं नाव घ्यायला लागले. मला वाटलं, ताई म्हणतील. तसं म्हणाले नाहीत. थांबले. सगळा हॉल थांबला. मला रडू फुटलं ते नाव आल्यावर नाही मॅडम, ते येत नव्हतं तेव्हा. बाबा माघार घेत नाहीयेत, हे दिसत होतं ना. यात तुम्ही तेच काढलंय."

मी दुसरी फाइल लावली, सगळ्या शांततांसकट. भाषण तिच्या नावापाशी आलं. यात मी पाहुण्यांचे चेहरे वर टाकले नव्हते, नुसते इंगळेभाऊ दिसत होते. ओठ मिटले, उघडले, मिटले. कोटाच्या बाहीनं कपाळ पुसलं. पुन्हा मिटले. "प्रज्ञा." हॉलमध्ये कुणीतरी टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनी.

"हीच द्या," प्रज्ञा म्हणाली. "ग्रुपवर पण हीच टाकणार. राहुलशी मी बोलते."

मी तिला कॉपी करून दिली. काम संपलं होतं. तेवढ्यात इंगळेभाऊ म्हणाले, "ती दुसरी राहू द्या. ती मला द्या."

प्रज्ञानं चमकून पाहिलं. "बाबा, कशाला?"

"तुझ्यासाठी नाही. माझ्यासाठी." ते माझ्याकडे वळले. "आयुष्यात एकदा तरी कळू दे, अडकलो नसतो तर कसा वाटलो असतो. लावा ना ताई. नीट बघितली नाही मी मघाशी."

मी लावली. ते खुर्ची पुढे ओढून स्क्रीनच्या अगदी जवळ बसले. पडद्यावरच्या इंगळेभाऊंनी खणखणीत 'भीम'नं सुरुवात केली, मुलीचं नाव घेतलं, तिला शिकवताना आपल्याला किती आनंद झाला ते सांगितलं, मंडळींचे आभार मानले आणि माइक खाली ठेवला. खुर्चीतल्या इंगळेभाऊंचे ओठ त्याच्यासोबत हलत होते आणि दर वेळी मागे पडत होते.

फाइल थांबली.

"एवढंच होतं?" त्यांनी विचारलं.

"हो भाऊ. मधलं थांबणं काढलं की एवढंच राहतं."

"घरी आरशासमोर किती दिवस करत होतो मी हे," ते म्हणाले. "हा तर आला आणि बोलून गेला."

त्यांनी मान हलवली, मग माझ्याकडे पाहिलं आणि ओठ मिटले. उघडले. काहीच आलं नाही. पुन्हा मिटले. 'काढून टाका' म्हणाले असते तर सोपं गेलं असतं, तो शब्द त्यांना विनासायास निघतो. पण ते त्याच्याकडे वळले नाहीत. आम्ही दोघी थांबलो.

"पुसून टाका," ते म्हणाले. मग एक श्वास घेतला, आणि पुन्हा थांबायला लागलं. "यात माझी मेहनत दिसत नाही."

मी त्यांच्यासमोरच ती फाइल पुसून टाकली.